ब्राह्मीच्या नावाखाली काय विकतात: परीक्षेच्या दिवसांत पालकांची होणारी फसवणूक

दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की पालकांच्या मोबाइलवर ‘स्मरणशक्ती कोर्स’च्या जाहिराती सुरू होतात. आधी ब्राह्मीची स्वस्तातली ट्रायल डबी घरी येते. मग फोन येतो. बोलणारा स्वतःला वैद्य म्हणवतो, मुलाला न बघताच निदान सांगतो आणि तीन महिन्यांच्या कोर्सचे पैसे आगाऊ मागतो. पैसे गेले की फोन उचलला जात नाही. धास्तावलेल्या आईबापांना असं लुबाडतात, याची चीड येते.

डबीतली पूड चिमूटभर जिभेवर ठेवा. खरी ब्राह्मी कडू लागते आणि वाळली की मळकट हिरवी-तपकिरी दिसते. चूर्ण गोड, पोपटी असेल तर साखर किंवा रंग मिसळल्याची शंका घ्या. आपल्याकडे नर्सरीत ब्राह्मी म्हणून बऱ्याचदा मंडूकपर्णीच देतात. तिचं पान गोलसर आणि लांब देठाचं. ब्राह्मीचं पान बारीक, जाडसर, चमच्यासारखं, जवळजवळ बिनदेठाचं. मंडूकपर्णी वाईट नाही, पण ते औषध वेगळं आणि मात्राही वेगळी: प्रौढांसाठी ब्राह्मी चूर्ण रोज १ ते ३ ग्रॅम, मंडूकपर्णी ३ ते ६ ग्रॅम. म्हणून लेबलवर ‘बॅकोपा मोनिएरी’ (ब्राह्मी) की ‘सेंटेला एशियाटिका’ (मंडूकपर्णी) हे बघाच.

खरी मेख कॅप्सूलमध्ये आहे. डबीवर ‘ब्राह्मी ५०० मिग्रॅ’ एवढंच छापतात. ते नुसतं चूर्ण असेल तर दोन कॅप्सूल मिळून जेमतेम १ ग्रॅम होतो. अभ्यासांत बहुतेकदा चूर्ण नव्हे, प्रमाणित अर्क (ज्यात मुख्य घटकाचं प्रमाण ठरलेलं असतं) वापरलाय, रोज सुमारे ३०० मिग्रॅ. जाहिरातीत अभ्यास अर्काचा दाखवतात, डबीत चूर्ण भरतात. अर्क असला तरी ‘बॅकोसाइड (ब्राह्मीतला मुख्य घटक) ५० टक्के’ या आकड्याला भुलू नका. तो यूव्ही पद्धतीने, म्हणजे अतिनील प्रकाश वापरून ढोबळपणे, मोजला असेल तर फुगलेला असतो. एचपीएलसीने, म्हणजे घटक वेगवेगळे करून मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने, मोजलं की त्याच मालाचा आकडा बराच खाली येतो. बॅचचा एचपीएलसी रिपोर्ट मागा, टाळाटाळ झाली तर घेऊ नका.

‘आठ दिवसांत फरक’ ही तर सरळ थाप. प्रौढांवरच्या चाचण्या साधारण १२ आठवड्यांच्या आहेत, फायदाही माफक दिसलाय, आणि तोही मुख्यतः ऐकलेलं-वाचलेलं नंतर आठवण्यात. मुलांबाबत पुरावा तोकडा आहे, त्यामुळे मात्रा वैद्यांनी मुलाला तपासूनच ठरवावी. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ, पोटात कळ, जुलाब होऊ शकतात, म्हणून जेवणानंतर द्या. थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

ब्राह्मी पाणथळ जागी वाढते आणि गढूळ, सांडपाण्याच्या जागेतून शिसं, कॅडमियम शोषून घेते. मुलाच्या मेंदूसाठी म्हणून आणलेल्या पुडीत शिसं निघणं, यापेक्षा वाईट काय! शिशाची मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), कॅडमियमची ०.३ पीपीएम. सुट्ट्या पुडीची तपासणी कोणी केलेली नसते.

उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि उत्पादकाचा पूर्ण पत्ता नसलेली डबी परत करा. फसला असाल तर डबी फेकू नका: उरलेला माल, बिल, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर, ग्राहक तक्रारीसाठी १९१५ वर फोन करा, आणि मालाची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी द्या.