ब्रेन स्टोरी सर्टिफिकेशन: वेळ काढून करावा असा मोफत कोर्स, पण दोन गोष्टी सांभाळून

बालपणीच्या अनुभवांचा मेंदूवर काय परिणाम होतो, हे शिकवणारा कॅनडातल्या पॅलिक्स फाउंडेशनच्या 'अल्बर्टा फॅमिली वेलनेस इनिशिएटिव्ह'चा हा ऑनलाइन कोर्स. १९ मॉड्यूल, साधारण ३० तास, फी नाही, आपल्या सवडीने करायचा. व्हिडिओ, मध्ये प्रश्नमंजुषा, शेवटी प्रमाणपत्र. समुपदेशक, नर्स, शिक्षक, बालसंरक्षणातले कार्यकर्ते अशा सगळ्यांसाठी.

कोर्सचा खरा कस लागतो तो ताणाच्या भागात, आणि तिथे तो अव्वल आहे. लसीच्या वेळचं रडणं हा साधा, वाढीला पोषक ताण. घरात मृत्यू झाला पण मुलाला जवळ घेणारं माणूस आहे, तो सोसता येणारा ताण. रोजची मारहाण किंवा आईचं उपचाराविना राहिलेलं नैराश्य, आणि सावरायला कोणीच नाही, हा घातक ताण. प्रसंग किती मोठा यापेक्षा सोबत कोण आहे, यावर बरंच ठरतं. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात शरीरात वाढणारं संप्रेरक, दीर्घकाळ चढं राहिलं की स्मरणशक्ती आणि आवेगावरचा ताबा सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांवर परिणाम होतो. 'दप्तर ठेव, हात धू, जेवायला बस' यातलं पहिलंच काम करून घुटमळणारं मूल हट्टी असेलच असं नाही, हे एकदा पटलं की पालकांशी बोलण्याचा सूरच बदलतो.

बाळ आणि मोठ्यांच्या देवाणघेवाणीचा भागही उत्तम. बाळ बघतं किंवा बोट दाखवतं, मोठ्याने तिकडे बघायचं, नाव सांगायचं, मग थांबायचं. गृहभेटीत हे पाच मिनिटं नुसतं बघा. बहुतेकदा गाडी अडते ती थांबण्यापाशी: उत्तराला वेळ न देता पाठोपाठ तीन प्रश्न. दुसरी चूक म्हणजे बाळाने तोंड फिरवलं की खुळखुळा आणखी जोरात वाजवणं. तोंड फिरवणं म्हणजे बहुधा 'आता पुरे', तेव्हा गप्प बसावं.

आता उणिवा. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांचा गुणांक, म्हणजे एसीई, शिकल्यावर उत्साहाच्या भरात प्रत्येक पालकाला प्रश्नावली देण्याचा मोह होतो. तो टाळा. १९९८ साली प्रसिद्ध झालेला मूळ अभ्यास लोकसमूहाचा धोका दाखवतो. एका माणसाचं भवितव्य त्यावरून वर्तवता येत नाही. मूळ संशोधकांपैकी रॉबर्ट अँडा यांनी सहकाऱ्यांसह २०२० मध्ये याच गैरवापराबद्दल सावध केलं होतं.

उदाहरणं कॅनडातल्या व्यवस्थेची आहेत. आजी, काकू, शेजार यांनी वाढवलेलं आपल्याकडचं मूल, ऊसतोडीला कारखान्यावर गेलेलं कुटुंब, हे आपलं आपणच जोडून घ्यायचं. इंग्रजीही वेगवान आहे. एकट्याने सलग बघितलं तर दहा तासांनंतर काही डोक्यात राहत नाही. तिघा-चौघांनी आठवड्याला एक मॉड्यूल बघावं आणि लगेच चालू केसला लावून बघावं. व्यसनाधीनतेवर बराच भर आहे. फक्त शून्य ते तीन वयोगटात काम असेल, तरी तो भाग गाळू नका, कारण पालकांचं व्यसन त्याच घरात असतं.

हा कोर्स तपासणी शिकवत नाही. बाळ १८ महिन्यांचं होऊनही आधाराशिवाय चालत नसेल, किंवा आलेले शब्द गेले असतील, तर प्रमाणपत्राच्या भरवशावर घरी खेळ सुचवत बसू नका. आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथकामार्फत जिल्ह्याच्या डीईआयसीकडे, म्हणजे मुलांच्या लवकर निदान-उपचारांच्या केंद्राकडे, त्याच आठवड्यात पाठवा.