बेंझोइक आम्ल आणि नॅप्थॅलीन: उकळतं पाणी की बायकार्बोनेट?

बेंझोइक आम्ल आणि नॅप्थॅलीन (डांबराच्या गोळ्यांतलं, पाण्यात न विरघळणारं) यांचं मिश्रण वेगळं करण्याच्या दोन वाटा सर्रास सांगितल्या जातात. एक म्हणजे उकळत्या पाण्यात आम्ल विरघळवून गरम गरमच गाळायचं आणि गाळलेलं द्रावण थंड होऊ द्यायचं. दुसरी म्हणजे सोडियम बायकार्बोनेटच्या गार द्रावणात ढवळून गाळायचं आणि मग हायड्रोक्लोरिक आम्ल घालून बेंझोइक आम्ल खाली बसवायचं. मी दोन्ही करून पाहिल्यात.

कागदावर पहिलीच सरस. पाण्याशिवाय काही लागत नाही आणि फरकही घसघशीत आहे: 100 मिली पाण्यात 25 अंशांना जेमतेम 0.34 ग्रॅम आम्ल विरघळतं, उकळत्या पाण्यात साडेपाच ग्रॅमच्या आसपास. द्रावण सावकाश निवू दिलं तर स्फटिकही सुरेख येतात. दुसऱ्या पद्धतीत बारीक पांढरा साका मिळतो, तो दिसायला काही खास नसतो.

पण ते गरम गाळणं! द्रावण फनेलच्या दांडीत उतरेपर्यंत निवतं, आत पांढऱ्या सुया धरतात, धारेचे थेंब होतात. तोवर वरचं द्रावणही गार होऊन कागदातच गोठतं, आणि ज्यांना वेगळं करायचं ती दोन्ही पुन्हा एकाच कागदावर येतात. फनेल तापवून घ्या, आखूड दांडीचं वापरा, वरून उकळतं पाणी सोडा. त्रास कमी होतो, जात नाही. भरीला नॅप्थॅलीन 80 अंशांना वितळतं, म्हणजे उकळत्या पाण्यात त्याचे तेलकट थेंब होतात आणि थोडं वाफेबरोबर निघूनही जातं.

बायकार्बोनेटमध्ये हे काहीच नाही. पाच ग्रॅम आम्लाला 50 मिली पाण्यात चार ग्रॅम बायकार्बोनेट पुरतं. मिश्रण आधी खलात बारीक करावं, नाहीतर कणांच्या पोटात आम्ल अडकून राहतं. फेस येतो, म्हणून बीकर मोठं घ्यावं. बुडबुडे थांबले की निवांत गाळावं. आम्ल आता सोडियम बेंझोएट झालेलं असतं, ते गारठ्यातही पाण्यातच राहतं. नॅप्थॅलीन कागदावर कोरडं, कणीदार उरतं. गाळलेल्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबाथेंबाने, लिटमस ठळक लाल होईपर्यंत घालावं आणि साका गार पाण्याने धुवावा, म्हणजे मीठ निघून जातं. पाणी पहिल्या पद्धतीच्या निम्मंच असल्याने त्यात विरघळून वाया जाणारं बेंझोइक आम्लही साधारण निम्मंच.

अर्थात हे जमतं ते एक घटक आम्ल आहे म्हणून. पोटॅशियम नायट्रेट आणि मीठ वेगळं करायचं असेल तर तापमानाचाच आधार घ्यावा. नायट्रेटची विद्राव्यता 20 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात 32 ग्रॅमच्या आसपास असते, उकळत्याला 240 च्या पुढे जाते. मिठाची 36 वरून जेमतेम 39 होते. आणि बेंझोइक आम्लाचे देखणे स्फटिकच हवे असतील, तर दुसऱ्या पद्धतीने मिळालेला साका थोड्या उकळत्या पाण्यात विरघळवून निवू द्यावा. तिथे गरम गाळायची वेळ सहसा येत नाही.