स्क्रू ड्रायव्हर नाही, मग नाणं की सुरी?

सरळ खाचेचा स्क्रू असेल तर मी आधी नाणंच घेईन. रुंद खाचेत त्याची कड घट्ट बसते आणि निसटलं तरी बोट कापत नाही. कॅमेऱ्याच्या ट्रायपॉड प्लेटचे कितीतरी स्क्रू तर नाण्यानेही फिरावेत असेच बनवलेले असतात. अडचण जोराची. चिमटीत धरलेल्या नाण्याला दांडा नसतो, त्यामुळे गंजलेला स्क्रू हलत नाही. पक्कड असेल तर नाणं तिच्यात धरा, लगेच फरक कळतो. खोल भोकातल्या स्क्रूपर्यंत मात्र ते पोचतच नाही.

सुरी तिथे पोचते, अरुंद खाचेतही शिरते. पण धारदार सुरी नकोच! तिचं पातं कापण्यासाठी कडक केलेलं असतं, पीळ पडला की टोक तुटून उडतं. लोणी लावायची बोथट सुरी बरी, ती फार तर वाकते. फुलीच्या स्क्रूवर तीही बेतानेच वापरा. फुलीची एकच रेघ पकडली जाते आणि कडा झिजल्या की पुढे खरा स्क्रू ड्रायव्हरही नुसताच गरगर फिरतो.

विजेच्या बोर्डाला यातलं काहीही लावू नका. दोन्ही उघडे धातूच आहेत.