चेक गावांमधले आठ दिवस: बघायला पैसा वसूल, जेवायला मात्र घड्याळ बघून जा

प्रागबद्दल इथे काही लिहीत नाही, त्यावर सगळ्यांनी सगळं लिहून झालंय. आम्ही प्राग दीड दिवसात उरकलं आणि उरलेले दिवस कुत्ना होरा, चेस्की क्रुमलोव, तेल्च आणि ओलोमोउत्स अशा जुन्या गावांना दिले, सप्टेंबरच्या शेवटी, सगळा प्रवास ट्रेन आणि बसने. आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि आई म्हणजे सासूबाई. आई पक्क्या शाकाहारी (केकमधलं अंडं चालतं, ताटातलं नाही), नवरा समोर येईल ते खाणारा आणि मी मधली, मासे-चिकन खाते, बाकी नको. म्हणजे प्रत्येक टेबलावर तीन वेगळे रिव्ह्यू तयार.

आधी कामाची गोष्ट. चेक लोकांचं मुख्य जेवण दुपारचं. सोमवार ते शुक्रवार साधारण अकरा ते दोन या वेळात बहुतेक साध्या हॉटेलांत पोलेद्नी मेनू असतो, म्हणजे त्या दिवसापुरतं केलेलं सूप आणि तीनचार मेन डिश, फळ्यावर किंवा कागदावर फक्त चेकमध्ये लिहिलेल्या, आणि आम्ही गेलो तेव्हा एक डिश दीडशे ते दोनशे कोरुनांत (चेक चलन) मिळत होती. ऑफिसवाले, कामगार, आजीआजोबा सगळे हेच खातात, ताजं असतं आणि पाच मिनिटांत समोर येतं. तीच डिश संध्याकाळी फोटोवाल्या मेनूतून मागवलीत तर जास्त पैसे आणि वर गरम करून दिलेली. हे कळायला आम्हाला दोन दिवस लागले, तुमचे वाचावेत म्हणून पहिलंच लिहिलं.

कुत्ना होरा प्रागहून ट्रेनने तासाभरावर. मेन स्टेशनला उतरलात की सेडलेत्सचं हाडांचं चॅपेल चालत जवळ आहे, जुनं गाव मात्र तिथून लांब, त्यामुळे आधी हाडं मग गाव असा क्रम ठेवा. तिकीट चॅपेलच्या दारात मिळत नाही, जवळच्या इन्फो सेंटरमधून काढावं लागतं, आणि लोक दारापर्यंत जाऊन परत फिरतात, आम्हीही फिरलो. गोष्ट अशी की 1278 मध्ये इथल्या मठाधिपतीने जेरुसलेमहून गोलगोथाची (येशूला क्रुसावर दिलं ती जागा) मूठभर माती आणून स्मशानात टाकली आणि मग प्रत्येकाला इथेच पुरून घ्यायचं होतं, त्यात प्लेग आला, युद्धं झाली, जागा संपली. साधारण चाळीस हजार माणसांची हाडं आहेत म्हणतात. 1870 मध्ये फ्रांतिशेक रिंट नावाच्या लाकूडकाम करणाऱ्याने त्यांची झुंबरं, तोरणं आणि श्वार्झेनबर्ग घराण्याचं चिन्हसुद्धा बनवलं, आणि शेवटी भिंतीवर स्वतःची सही पण हाडांचीच. मला वाटलेलं आईंना त्रास होईल, तर त्या शांतपणे हात जोडून उभ्या राहिल्या आणि बाहेर आल्यावर म्हणाल्या, "सगळ्यांना निदान छप्पर तरी मिळालं." 2020 पासून आत फोटोला बंदी आहे आणि हे फार बरं झालं, कवट्यांसोबत सेल्फी काढणारे बघायची माझी अजिबात इच्छा नव्हती.

गावातलं सेंट बार्बराचं चर्च खाणकामगारांच्या रक्षणकर्त्या संतेचं. 1388 ला काम सुरू झालं आणि पूर्ण झालं 1905 ला, म्हणजे आपल्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट रखडलंय म्हणून रडणाऱ्यांनी जरूर बघून यावं. तीन टोकांच्या तंबूसारखं छप्पर आहे. पण मला आवडलं ते आत भिंतीवर चितारलेले नाणी पाडणारे कारागीर आणि पांढरा डगला घातलेल्या खाणवाल्याचा पुतळा. राजाराण्या सगळीकडे असतात, इथे चांदी काढणारी माणसं आहेत. त्याच चांदीतून 1300 पासून प्रागचे ग्रोशेन नावाची नाणी पाडायचे, इथल्याच व्लाश्की द्वूर या टांकसाळीत. ह्राडेक म्युझियममधून जुन्या खाणीत उतरता येतं, तसलाच पांढरा डगला, हेल्मेट आणि दिवा देतात. मी आणि नवरा गेलो, काही ठिकाणी वाकून आणि आडवं होऊन जावं लागतं, गुडघे दुखत असतील किंवा बंद जागेची भीती असेल तर नको. आई वर बाकावर बसून बिस्किटं खात होत्या आणि आम्ही बाहेर आलो तेव्हा शेजारच्या चेक आजींशी खाणाखुणांनी गप्पा चालू होत्या, विषय काय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

इथेच पहिल्यांदा नवऱ्याने स्विच्कोवा खाल्ली, मुरवलेलं बीफ, त्यावर गाजर-सेलरीच्या मुळांचा साय घातलेला दाट रस्सा, सोबत क्नेडलिकीच्या पाचसहा चकत्या आणि वर लिंबाची फोड, क्रॅनबेरीचा जॅम आणि फेटलेली क्रीम. हो, मांसावर क्रीम. पहिल्या घासाला त्याचा चेहरा बघण्यासारखा होता आणि चौथ्या घासाला तो काही बोलेना, म्हणजे आवडलं. क्नेडलिकी म्हणजे मैद्याचा लांब लोळा उकडून चकत्या केलेल्या, त्यांना स्वतःची अशी चव नाही, त्यांचं काम रस्सा शोषायचं. पोळीसारखी कोरडी खाऊन बघितलीत तर निराश व्हाल.

आता शाकाहारी मंडळींसाठी, कारण मी जायच्या आधी शोधलं तेव्हा नुसतं "पर्याय कमी आहेत" एवढंच वाचायला मिळालं. पर्याय आहेत, फक्त प्रत्येक वेळी विचारायला लागतं. मेनूत बेझमासा यीद्ला असा विभाग असतो, अर्थ मांसाशिवायचे पदार्थ, पण एका ठिकाणी (नाव नाही सांगत) त्यातल्याच बटाट्याच्या डिशमध्ये बेकनचे तुकडे निघाले, आणि विचारलं तर वेटर अगदी प्रामाणिकपणे म्हणाला की ते थोडंसंच आहे, चवीपुरतं. त्यानंतर आम्ही मांस, हॅम, बेकन तिन्ही वेगवेगळं विचारायला लागलो. चेस्नेच्का म्हणजे लसणाचं सूप, वर ब्रेडचे तळलेले तुकडे आणि चीज, थंडीत स्वर्ग, पण पाणी मांसाचं आहे का ते विचारा आणि हॅम नको म्हणून सांगा. स्मझेनी सीर म्हणजे ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेला चीजचा जाड तुकडा, बटाटे आणि टार्टर सॉससोबत, तो सगळीकडे मिळतो. एकदा भारी, दुसऱ्यांदा ठीक, चौथ्यांदा आईंनी ताट बघून नुसता सुस्कारा सोडला. मग सापडली चोच्का ना कीसेलो, व्हिनेगर घातलेली दाट मसूर, वर तळलेला कांदा, सोबत काकडीचं लोणचं. अंडं आणि सॉसेज काढून द्या म्हटलं की देतात. आई दोन चमचे खाऊन म्हणाल्या, "आमटीच आहे गं ही, फोडणी विसरलेत फक्त."

पण खरी बाजी मारली ओवोत्स्ने क्नेडलिकींनी. पिठाच्या गोळ्यात अख्खं फळ भरून उकडतात, आमच्या वेळी प्लमचा सीझन होता, वर किसलेलं कोरडं पनीर, साखर आणि पातळ केलेलं लोणी. आतून गरम आंबटगोड रस येतो, जीभ भाजते, तरी थांबवत नाही. उकडीच्या मोदकावर वाढलेल्या बाईला हे कसं आवडणार नाही! गंमत म्हणजे तिकडे हे जेवण म्हणून खातात, स्वीट डिश म्हणून नाही, त्यामुळे एका प्लेटमध्ये दोघांचं पोट भरतं. दहापैकी दहा.

चेस्की क्रुमलोवबद्दल माझं मत दोन भागात. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, पाच गुण. बसेसच्या बसेस येतात, पुलावर चालायला जागा नसते, आणि प्रत्येक कोपऱ्यावर त्रदेल्निक, म्हणजे दांडीवर गुंडाळून भाजलेली गोड पोकळ गुंडाळी, पारंपरिक बोहेमियन म्हणून विकतात, पण हे प्रकरण पर्यटकांसाठीच पसरलंय, मुळात हा बोहेमियाचा पदार्थ नाही. खायला वाईट नाही, गरम असेल तर. पण परंपरा वगैरे म्हणून जास्त पैसे देऊ नका.

सहानंतर तेच गाव दहा गुण. बसेस गेल्या की व्ल्तावा नदीचा आवाज ऐकू यायला लागतो, नदीने गावाला असा काही वळसा घातलाय की कुठल्याही गल्लीतून निघालात तरी पाण्यापाशी पोचता, आणि वर किल्ला दिव्यांत. म्हणून मुक्काम करा, शक्यतो दोन रात्री. किल्ल्याच्या टॉवरला 162 पायऱ्या, आईसुद्धा चढल्या, दोनदा थांबून. खंदकात अस्वलं आहेत, शतकानुशतकं पाळतात, बघून मला फारसा आनंद झाला नाही. किल्ल्यातलं अठराव्या शतकातलं नाटकघर मात्र चुकवू नका, लाकडी चाकं, दोर आणि तळघरातली यंत्रणा ओढून सीन बदलायचे ती सगळी यंत्रणा जशीच्या तशी आहे, नाटकवेड्या मराठी माणसाला तर रडूच येईल. फक्त गाइडसोबत सोडतात, हिवाळ्यात बंद असतं, आणि सोमवारी किल्ल्याचे आतले भाग बंद, आपला वार बघून जा. चित्रकार एगॉन शीलची आई या गावची, तो 1911 मध्ये मैत्रिणीसोबत इथे राहायला आला तर गावकऱ्यांनी त्याला पळवून लावलं, पुढे त्याच्याच नावाचं आर्ट सेंटर निघालं. गावं सगळीकडे सारखीच.

क्रुमलोवमध्ये आमचा खिसा कापला गेला तो एका नदीकाठच्या हॉटेलात. ट्राउट मागवला, किंमत बघून खूश झाले, बिल आलं तर जवळजवळ तिप्पट. मेनू परत बघितला तर ती किंमत 100 ग्रॅमची होती, बारीक अक्षरात लिहिलेलं. चूक माझीच, पण वजन आधी विचारायला शिका. मासा चांगला होता हे कबूल, बाहेरून कुरकुरीत, जिऱ्यासारखा वास, आणि तो जिऱ्यासारखा नाही तर शहाजिऱ्याचाच, तिकडे ब्रेडपासून कोबीपर्यंत सगळ्यात तेच घालतात.

चेस्के बुड्येयोवित्सेला गाडी बदलायची होती म्हणून दोन तास काढले. प्रचंड मोठा चौक, मध्ये कारंजं, नवऱ्याने बुद्वार बिअर प्यायली (बडवायझर नाव मूळ या गावाच्या जर्मन नावावरून आलं, आणि ही ब्रुअरी आजही सरकारी मालकीची आहे हे ऐकून तो उगीचच भावूक झाला). बिअरचं एक लक्षात ठेवा, टेबलावर कागदाची चिठ्ठी ठेवतात आणि प्रत्येक ग्लासाला एक रेघ मारतात, काही ठिकाणी ग्लास रिकामा झाला की न विचारता पुढचा येतो, नको असेल तर सरळ सांगायचं. न पिणाऱ्यांसाठी नळाची कोफोला घ्या, 1960 पासूनचा त्यांचा स्वतःचा कोला, कमी गोड आणि थोडा काढ्यासारखा. मला आवडला, नवऱ्याला कफ सिरप वाटला.

तेल्चला जाणं जरा कटकटीचं, कोस्तेलेत्स नावाच्या स्टेशनवर उतरून दीड डब्याच्या गाडीत बसावं लागतं. पण चौकात पाऊल टाकलं आणि आम्ही तिघंही गप्प. 1530 च्या आगीनंतर नव्याने बांधलेली रंगीत घरं, लांबच लांब दोन रांगा, प्रत्येकाचा माथा वेगळा, खाली कमानींचा पॅसेज, आणि मागे तळी. बघायला तासाभराचं काम, तरी आम्ही पाच तास बसून होतो. मुक्काम नेमका 28 सप्टेंबरला पडला, सेंट वाक्लावची सुट्टी, कायद्याने मोठी दुकानं बंद, दुपारचा मेनू नाही, आणि आमच्याकडे खायला काही नाही. शेवटी एका पबमध्ये उकडलेले बटाटे आणि लोणी मिळालं, आईंनी पर्समधून मेतकुटाची पुडी काढली, आणि तो ट्रिपमधला सगळ्यात चवदार पदार्थ ठरला असं नवरा म्हणतो, मी नाही म्हणत, मी प्लमवाल्या बाजूची. नवऱ्याने तिथे बुर्चाक पण प्यायला, अर्धवट आंबलेली नवीन वाइन, फक्त ऑगस्ट ते नोव्हेंबर मिळते, सरबतासारखी लागते आणि नंतर कळतं की सरबत नव्हतं.

ओलोमोउत्सला मी सगळ्यात कमी अपेक्षेने गेले. 35 मीटर उंच ट्रिनिटी कॉलम म्हणजे चौकातला धार्मिक स्तंभ, 1716 ते 1754 एवढी वर्षं लागली, आतमध्ये छोटं चॅपेल. टाउन हॉलचं घड्याळ युद्धाच्या शेवटी 1945 मध्ये उडालं, कम्युनिस्ट काळात परत बांधलं तेव्हा संतांच्या जागी कामगार आणि खेळाडू बसवले. दुपारी बाराला ते हातोडा घेऊन गोल फिरतात, कोंबडा आरवतो, आणि मला प्रागच्या घड्याळापेक्षा हेच जास्त आवडलं, गर्दी वीसपंचवीस माणसांची. अकरा वर्षांचा मोझार्ट इथे देवीच्या रोगाने आजारी पडून बरा झाला होता. शिवाय इथे विद्यापीठ असल्यामुळे तरुण पोरं, स्वस्त जेवण, आणि शुद्ध शाकाहारी थाळी मिळणारी जागासुद्धा सापडली.

आणि त्वारूझ्की. छोट्या पिवळट चकत्यांचं चीज, जवळच्या लोश्तित्से गावात बनतं, चरबी अगदी नगण्य, वास मात्र पावसात भिजलेल्या मोज्यांचा. राय या धान्याच्या ब्रेडवर कच्चा कांदा आणि मोहरीसोबत खातात, तळूनही मिळतं. चव वासापेक्षा कितीतरी सौम्य आहे, खारट, तोंडात चिकट, मला आवडलं, आईंनी नाकाला पदर लावून लांबूनच नमस्कार केला. नवऱ्याने उत्साहात दोन पाकिटं घेतली, तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून बॅगेत टाकली, आणि प्रागच्या ट्रेनमध्ये अर्ध्या तासात समोरचे काका उठून दुसऱ्या डब्यात गेले. जाताना आमच्याकडे बघून हसले, म्हणजे त्यांना माहिती होतं काय आहे ते. बॅग अजून बाल्कनीत आहे.