एमबीबीएस फायनल प्रॅक्टिकलचं रेडिमेड ‘क्लिनिकल किट’: पाउच झकास, आतला माल जेमतेम

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी २, आणि त्यातला दीड पाउचचा.

नाशिकहून एमयूएचएसचं (आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं) टाइमटेबल पडलं की हॉस्टेलच्या ग्रुपवर या किटची लिंक फिरायला लागतेच. ऑल इन वन, मेडिसिन सर्जरी पेड्स गायनॅक ऑर्थो सगळं कव्हर, वगैरे. विकणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण असली किटं चार-पाच नावांनी मिळतात आणि चेन उघडली की आत तेच सामान. हॅमर (रिफ्लेक्स बघायचा हातोडा), दोन ट्यूनिंग फोर्क (आपटल्यावर थरथरत वाजणारे काटे), टॉर्च, टेप, टंग डिप्रेसर, वासाच्या बाटल्या, दोन टेस्ट ट्यूब, स्किन पेन्सिल. स्टेथो नसतो, ते एका अर्थी बरंच आहे. मला अठराशेला पडलं, मैत्रिणीने सेलमध्ये चौदाशेला घेतलं आणि ते मला आठवडाभर ऐकवलं.

हॅमरपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त राग त्याचाच आहे. किटमधला म्हणजे तो तिकोनी रबराचा टेलर हॅमर, बुटका आणि वजनाला काहीच नाही. नी जर्क त्याने येतो, नी जर्क तर हाताच्या कडेनेसुद्धा येतो. खरी परीक्षा अँकल जर्कची, म्हणजे टाचेच्या मागे मारून पाऊल उडतं का बघायची. वॉर्डात लाँग केसला (पूर्ण तपासून मांडायच्या केसला) मिळणार कोण, तर सत्तरीचे आजोबा, शुगर दहा-पंधरा वर्षांची, पायाला थोडी सूज, आणि ते पाय सैल सोडतच नाहीत. तिथे हलक्या हॅमरने आपण टकटक करत बसतो, काही हलत नाही, मग जेंड्रासिक (रिफ्लेक्स उठून यावा म्हणूनची युक्ती) करायचं म्हणून त्यांना बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगतो, ते ओढतात पण दम रोखून आख्खं अंगच ताठ करतात, आणि शेवटी आपण शीटवर ‘अ‍ॅब्सेंट’ लिहून मोकळे. एकदा का अँकल जर्क अ‍ॅब्सेंट लिहिला की डायग्नोसिस पेरिफेरल न्यूरोपॅथीच्या (हातापायाच्या नसा खराब होण्याच्या) दिशेने निघालं, मग एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) येतात, स्वतःच्या खिशातून लांब दांडीचा हॅमर काढतात, मनगट सैल सोडून एकच टोला, आणि पाऊल टुण्णकन उडतं. पुढचा व्हायवा (तोंडी परीक्षा) कसा होतो ते सांगायला नको.

वर माझ्या हॅमरचं रबर दुसऱ्याच आठवड्यात सैल झालं. हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा आणि एका मावशींच्या गुडघ्यावर मारताना रबर निघून थेट शेजारच्या कॉटखाली. मावशी म्हणाल्या, "बाई, तुझंच सांधं निखळलं की." सगळा वॉर्ड हसला, त्यात आमचे रेसिडेंटही.

त्यापेक्षा सरळ क्वीन स्क्वेअर घ्या. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या न्यूरोच्या हॉस्पिटलवरून नाव पडलंय त्याचं, गोल चकतीला रबराची कड आणि लांब दांडी. जोर लावायचाच नाही, चकतीच्या वजनाने पडू द्यायचा. दांडीचं टोक प्लांटरला (तळव्यावर रेघ ओढून बघायच्या रिफ्लेक्सला) चालतं, नाहीतर रूमची चावी आहेच. आणि ज्या हॅमरच्या दांडीत सुई लपवलेली असते तो घेऊच नका, एकच सुई चार पेशंटना टोचायचे दिवस गेले, पिनप्रिकला (टोचलेलं कळतं का बघायला) टूथपिक मोडून वापरा आणि फेकून द्या.

आता ट्यूनिंग फोर्क. कागदावर हे उत्तम, १२८ पण आहे आणि ५१२ पण. १२८ हर्ट्झचा व्हायब्रेशन सेन्सला (थरथर जाणवते का बघायला), ५१२ चा रिने-वेबरला (कानाच्या तपासणीला), इतकं तरी बनवणाऱ्याला माहीत आहे. (काही दुकानदार एकच २५६ चा देतात आणि म्हणतात दोन्हीला चालतो, घेऊ नका.) पण १२८ चा मेला इतका हलका की तळव्यावर आपटून अंगठ्याच्या सांध्यावर टेकवेपर्यंत आवाज निम्मा मेलेला. व्हायब्रेशन तपासताना पेशंटला थांबल्यावर सांगा म्हणायचं आणि त्याचं थांबल्यावर आपल्याला अजून जाणवतंय का ते बघायचं, ही सगळी गंमत फोर्क जरा वेळ वाजत राहिला तरच. शिवाय खालचा बूड सपाट हवा, याचा नुसता टोकदार गोळा, हाडावरून घसरतो. ५१२ चा मात्र ठीक आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

यातच एक सांगून ठेवते, फोर्क कुठलाही असो. पायावर टेकवल्यावर पेशंट हमखास "हो लागतंय, गार लागतंय" म्हणतो. ते व्हायब्रेशन नाही, लोखंड गार आहे म्हणून. आधी छातीच्या हाडावर टेकवून ‘ही गुणगुण लागते ना, हीच सांगायची’ असं समजावायचं, मग डोळे मिटायला सांगायचे, आणि मधूनच फोर्क बंद करून टेकवून बघायचं की खरं बोलतोय की आपल्याला खूष करतोय. आमच्या मॅडम याच्यावरच अडकवायच्या.

टेपबद्दल लोक बोलत नाहीत पण माझ्या मते किटमधली सगळ्यात घातक गोष्ट तीच. कापडी टेप, टोकाला पत्र्याची क्लिप, आणि शून्याची रेघ त्या टोकापासून अर्धा सेंटीमीटर आत. पोटाचा घेर मोजताना अर्ध्या सेंटीमीटरने काय बिघडतंय. पण पेड्समध्ये सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या पोराचा दंड मोजताना ११.५ सेंटीमीटरच्या खाली म्हणजे अतितीव्र कुपोषण, सिव्हियर अ‍ॅक्यूट मालन्यूट्रिशन. या टेपचं टोक शून्य धरलं तर ११.८ चा दंड ११.३ दिसणार, म्हणजे मॉडरेटचं पोर थेट सिव्हियरमध्ये. घरी आणल्यावर कंपासमधल्या पट्टीला लावून बघा एकदा. शिंप्याकडची फायबरची टेप वीस-तीस रुपयांना मिळते, ताणली जात नाही, आणि दंड मोजायची लाल-पिवळी-हिरवी पट्टी अंगणवाडीत असतेच, पीएसएमच्या (सामाजिक आरोग्याच्या) पोस्टिंगला हातात घेऊन बघून ठेवा.

टॉर्चचा उजेड झगझगीत आहे, प्युपिल (डोळ्याची बाहुली) बघायला ठीक, पण तोंड रुंद. हायड्रोसीलचं (अंडकोशात पाणी साठून आलेल्या सुजेचं) ट्रान्सइल्युमिनेशन (आरपार उजेड पाडून बघणं) करायला गेलात तर उजेड चहूबाजूंनी सांडतो आणि काही कळत नाही. बारीक तोंडाचा पेन टॉर्च घ्या, आणि जुन्या एक्स-रे फिल्मची सुरळी करून ठेवा, उजेड एका बाजूने आणि सुरळीतून बघायचं दुसऱ्या बाजूने, पडदा ओढून. ती सुरळी बॅगेतून काढली की सर्जरीचे सर निम्मे खूष असतात. मोबाइलच्या फ्लॅशवर भरवसा ठेवू नका, परीक्षेला मोबाइल बाहेर. आणि कावीळ टॉर्चने बघू नका, खिडकीपाशी.

बाकीचं पटापट. वासाच्या बाटल्यांना सगळ्यांना प्लास्टिकचाच वास, दोन रुपयांची कॉफीची पुडी आणि लवंगा नेल्या की पहिली नर्व्ह (वासाची) झाली. टेस्ट ट्यूब बऱ्या. टंग डिप्रेसर स्टीलचा आहे, वॉर्डात लाकडी मिळतात, उगाच वजन. स्किन पेन्सिल चांगली निघाली, ऑर्थोला ब्रायंट्स ट्रँगल (खुब्याच्या मोजमापाचा त्रिकोण) काढायला नाहीतर व्हेरिकोजला शिरा मार्क करायला लागतेच, बॉलपेनने पेशंटच्या अंगावर रेघोट्या ओढल्या तर बोलणी बसतात. कापूस दिलेला नाही, का ते देव जाणे.

स्टेथो किटमध्ये नाही म्हणून काही जण कुरकुरतात. अरे तो फायनलला घ्यायची गोष्ट नाहीये, सेकंड इयरपासून तोच कानात असला पाहिजे. लिटमनचा क्लासिक थ्री माझ्याकडे आहे, महाग आहे पण पटला, फक्त त्यात हलका दाब दिला की बेलचं (खालच्या सुरातले आवाज ऐकायचं) काम आणि दाबला की डायफ्रामचं (वरच्या सुरातले), हे लक्षात ठेवा, नाहीतर एमएसचा (हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाल्याचा) मर्मर डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडायला लावून, सगळं बरोबर करूनही नुसतं जोरात दाबल्यामुळे ऐकू येणार नाही. परवडत नसेल तर वेगळा बेल असलेला साधा देशी घ्या, फायनलच्या केसला पुरतो. बीपीचं मशीन स्वतःचं न्यायची गरज नाही, वॉर्डात असतं, घरी प्रॅक्टिससाठी हवं असेल तर आपल्या पुण्याचा डायमंड चांगला.

२०१९ च्या सीबीएमई (कौशल्यावर भर देणाऱ्या) अभ्यासक्रमापासून ओस्कीचं (एकेका स्टेशनवर फिरून द्यायच्या प्रॅक्टिकलचं) प्रस्थ वाढलंय, तिथे तर या किटचा शून्य उपयोग, स्टेशनवर सामान मांडलेलंच असतं. तिथे मार्क असतात ते नाव सांगण्याला, परवानगी घेण्याला, हात सॅनिटाइज करण्याला, पेशंटचं पांघरूण परत नीट करण्याला. हे कुठल्याच पाउचमध्ये मिळत नाही, रूममेटला कॉटवर झोपवून घड्याळ लावून करावं लागतं.

पाउच मात्र खरंच भारी. कप्पे, इलॅस्टिक, अ‍ॅप्रनच्या खिशात मावतो, धुतला तरी तसाच.

माझं मत विचाराल तर मुंबईवाल्यांनी प्रिन्सेस स्ट्रीटला, बाकीच्यांनी आपापल्या मेडिकल कॉलेजसमोरच्या सर्जिकलच्या दुकानात जाऊन हॅमर आणि १२८ चा फोर्क हातात घेऊन, आपटून, वाजवून घ्यावा, बाकी सगळं किराणा आणि स्टेशनरीत मिळतं, खर्च निम्म्याच्या आत. ऑनलाइन किट कोणी घ्यावं? ज्याची परीक्षा परवावर आलीये आणि ज्याला दुकानात जायला वेळ नाही त्याने, पण मग हॅमर तरी सीनियरचा मागून न्या. माझं किट मी ज्युनियरला तीनशेला दिलंय, पाउच काढून घेऊन.