डेटा शोधून देणारं ‘सरकारमान्य’ सॉफ्टवेअर: पतसंस्थांनो, सावध राहा

आमची नागरी सहकारी पतसंस्था आहे आणि तिथले संगणक मी सांभाळतो. सभासदांचे आधार, पॅन, सातबारा, पगारपत्रकं, जामीनदारांचे कागद असं सगळं सर्व्हरवर आणि शाखाशाखांच्या संगणकांवर विखुरलेलं होतं. ते कुठे कुठे पडलंय हे शोधून त्याची वर्गवारी लावून देतो, असं सांगून एका कंपनीने आमच्या संस्थेच्या गळ्यात जे मारलं, ती उघड फसवणूक होती.

सुरुवात घाबरवण्यापासून झाली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले नियम आणि २५० कोटींचा दंड! संचालक मंडळाच्या सभेत हाच आकडा पुन्हा पुन्हा ऐकवला गेला. ती दंडाची कमाल मर्यादा आहे आणि बहुतेक जबाबदाऱ्या लागू होण्याआधी नियमांनी १८ महिन्यांची मुदत दिली आहे, हे मात्र विक्रेत्याने सांगितलंच नाही. वर ‘सरकारमान्य’ असं छापलेलं प्रमाणपत्र पुढे केलं. असल्या सॉफ्टवेअरला मान्यता देण्याची या कायद्यात तरतूदच नाही. डेटा संरक्षण बोर्डाकडे नोंदणी करावी लागते ती कन्सेंट मॅनेजरना, म्हणजे लोकांच्या वतीने डेटा वापराची संमती देणं किंवा मागे घेणं सांभाळणाऱ्या कंपन्यांना.

प्रात्यक्षिक त्यांच्याच लॅपटॉपवर, त्यांच्याच फाइलींवर झालं आणि अर्थातच झकास झालं. मग पूर्ण रक्कम आगाऊ घेतली.

पहिला अहवाल आला तेव्हा एसएमएस पाठवायच्या यादीत हजारो आधार क्रमांक सापडल्याचं दिसलं. यादी उघडून पाहिली तर ते सभासदांचे मोबाइल नंबर होते, पुढे ९१ लावलेले. ९१ आणि दहा अंक मिळून बारा होतात, आणि बारा अंक दिसले की सॉफ्टवेअर ‘आधार’ असा शिक्का मारत होतं. खरं तर आधारचा शेवटचा अंक हा आधीच्या अकरा अंकांवरून व्हरहॉफ पद्धतीने काढलेला पडताळणीचा अंक असतो. एवढं तपासलं असतं तरी दहातले जवळपास नऊ खोटे नंबर गळून पडले असते. ‘एआय’च्या नावाखाली विकलेल्या वस्तूत ही शाळकरी बेरीजही नव्हती.

आणि खरी आधारकार्डं? ती कर्जाच्या फाइलींत स्कॅन करून ठेवलेली. चित्रातला मजकूर वाचणारं ओसीआर त्यात नव्हतंच, त्यामुळे त्या सगळ्या पीडीएफ ‘संवेदनशील माहिती नाही’ या रकान्यात गेल्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या अर्जांचंही तेच झालं. पडद्यावर मराठी दिसत असली तरी फाइलीत आत इंग्रजी अक्षरांचा गुंता असतो. महाराष्ट्रातल्या संस्थांत अशा फाइलींचे ढीग आहेत, आणि विक्रेत्याला त्याचा पत्ताच नव्हता.

मला सगळ्यात जास्त संताप आहे तो पुढच्या गोष्टीचा. शोधायला फक्त वाचनाची परवानगी पुरते, पण त्यांनी हट्टाने सर्व्हरचा ॲडमिन पासवर्ड घेतला. अहवालाच्या एक्सेलमध्ये सापडलेले नंबर पूर्णच्या पूर्ण छापले, आणि ती फाइल स्वतःच्या क्लाउडवर टाकून अशी लिंक पाठवली जी पासवर्डशिवाय कुणालाही उघडता येत होती. विखुरलेली माहिती चोराला आयती एका ताटात वाढून दिली.

म्हणून पैसे द्यायच्या आधी स्वतःचं एक चाचणी फोल्डर बनवा. त्यात ९१ लावलेले मोबाइल नंबर, तिरकं स्कॅन झालेलं बनावट ओळखपत्र, जुन्या फाँटमधला अर्ज आणि देवनागरी अंकांत लिहिलेला पॅन घाला. सॉफ्टवेअर तुमच्याच संगणकावर, इंटरनेटची वायर काढून चालवायला सांगा. नेटशिवाय चालत नसेल तर तुमची माहिती कुठे जाते ते लेखी मागा. अहवालात नंबर झाकलेले हवेत, आणि अर्धी रक्कम या चाचणीनंतरच द्यायची असं करारात लिहून घ्या. आधार आणि पॅन ओळखणारं प्रेसिडिओ हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं. तुलनेसाठी तेही चालवून बघा.

आम्ही पासवर्ड बदलले, लिंक बंद करून घेतली आणि वकिलांमार्फत नोटीस धाडली. आमच्या प्रती नष्ट केल्याचं पत्र कंपनीने अजून दिलेलं नाही. शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेला ‘नमुना अहवाल’ म्हणून त्यांनी जे दाखवलं, त्यात आमच्या शाखांची नावं होती. तुमच्यापुढे कुणी असा नमुना ठेवला तर त्यातले नंबर खऱ्या माणसांचे असू शकतात. त्याची प्रत घेऊ नका, पुढे पाठवू नका, आणि ज्या संस्थेचं नाव दिसेल तिला त्याच दिवशी फोन करा.