एक जीबी रॅमवर नेक्स्ट जेएस : कांद्याच्या अख्ख्या मोसमानंतर

नेक्स्ट जेएस म्हणजे रिअ‍ॅक्टवर वेबसाइट बांधायची चौकट, याहून जास्त सांगत बसत नाही. नाशिकमधल्या एका व्यापाऱ्यासाठी कांद्याच्या भावांची साइट बांधली, ती एक जीबी रॅमच्या सर्व्हरवर मोसमभर निमूट चालली. परवा ऐन लिलावाच्या वेळी झोपली, म्हणून हा प्रपंच.

बारीकशी दुरुस्ती टाकायला सर्व्हरवरच बिल्ड (कोडपासून चालवायची साइट तयार करणं) लावलं. मेमरी भरली, सगळं हँग, आणि शेवटी लिनक्सने बिल्ड मारून टाकलं. स्क्रीनवर फक्त 'किल्ड'. तिकडे लासलगावात बोली सुरू, इकडे साइट उघडेना. होस्टिंगवाल्यांचं उत्तर ठरलेलं : प्लॅन वाढवा. का म्हणून? पान दाखवायला ही रॅम पुरून उरते. पाच मिनिटांच्या बिल्डसाठी महिनाभर दुप्पट भाडं मी भरणार नाही. स्वॅप फाइल (डिस्कचा तुकडा रॅमसारखा वापरणं) टाकून पाहिली; बिल्ड होतं, पण त्यापेक्षा संध्याकाळची द्वारका चौकातली कोंडी परवडली.

मग बिल्ड गिटहब अ‍ॅक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या मशीनवर, हलवलं आणि आउटपुट 'स्टँडअलोन' केलं. लागतील तेवढ्याच फाइल्स एका फोल्डरमध्ये येतात, नोड मॉड्यूल्सचं, म्हणजे लायब्ऱ्यांचं, सगळं गाठोडं न्यावं लागत नाही. झकास. पण त्यात 'पब्लिक' आणि 'स्टॅटिक' हे चित्रं, सीएसएस, जावास्क्रिप्टचे फोल्डर नसतात! ते आपण वेगळे कॉपी करायचे. का, तर म्हणे या फाइल्स सीडीएनवरून (फाइल्स वाटणाऱ्या वेगळ्या सर्व्हरांच्या जाळ्यावरून) दिलेल्या बऱ्या. अहो, इथे एक जीबीवर भागवतोय, सीडीएन कुठलं काढता? डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, मान्य. पण बिल्ड संपताना टर्मिनलवर एक ओळ छापायला काय जातं? कॉपीच्या दोन ओळी आता स्क्रिप्टमध्ये आहेत, तरी राग गेलेला नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. आता थोडा निवळलोय, त्याला कारण निफाडचे एक काका. ते फोल्डर नसताना साइट तासभर तशीच उघडी होती : सीएसएस नाही, बटणं मेलेली. काकांचा फोन आला, "दादा, साइट साधी केली का? आज पटकन उघडली." किमान, कमाल, सरासरी, तिन्ही भाव त्यांना दिसत होते, कारण ते सर्व्हरवरूनच एचटीएमएलमध्ये येतात. आधीच्या नुसत्या रिअ‍ॅक्टवाल्या साइटवर जावास्क्रिप्ट उतरेपर्यंत पांढरं पान दिसायचं. सर्व्हर रेंडरिंगचे पैसे तिथे वसूल झाले.

एक सांगून ठेवतो. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं, म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत तो कालचीच तारीख छापतो, ब्राउझर आजची, आणि हायड्रेशनची (सर्व्हरच्या पानाला ब्राउझरमधलं रिअ‍ॅक्ट जोडून घेतं, त्याची) बोंब सुरू. तारीख छापताना टाइम झोन 'एशिया/कोलकाता' असा स्पष्ट द्या. नेक्स्टच्या आवृत्ती 14 वर असाल तर फेचचं कॅशिंगही (आणलेला डेटा साठवून पुन्हा तोच देणं) तपासा, नाहीतर कालचे भाव आज दिसतील. 15 पासून ते आपोआप होत नाही.

काकांना साधी साइटच हवी आहे, व्यापाऱ्याला रंगीत. पुढचं भाडं भरलंय, एक जीबीचंच.